दुखत नव्हतं म्हणून राहिलेली जखम : सत्तरीतल्या तीन वाड्यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेले हे तीन वाडे, म्हणजे वस्त्या. विषय तोंडाचा कर्करोग वेळेत ओळखण्याचा. घरं सव्वाशेच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून वाड्यांची नावं दिलेली नाहीत, माणसांची वयं आणि नाती बदलली आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

पोटापाण्याचं साधन म्हणजे काजू, थोडी नाचणी-भाजी, आणि बाकी मजुरी. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. या चार महिन्यांत बायका पहाटे डोंगरावर जातात, बोंडू वेचतात, बिया पिरगाळून वेगळ्या करतात. पुरुष कोळंबीवर (बोंडू तुडवून रस काढायची जागा) आणि भाटीवर (त्या रसाची दारू गाळायची जागा). या काळात कुणाला दवाखान्यात जायला सांगणं म्हणजे वर्षाच्या कमाईतला एक दिवस मागणं.

भाषेचा मुद्दा बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथे घरात कोंकणी बोलतात आणि वाचतात मराठी. भजन मराठी, नाटक मराठी, वर्तमानपत्र मराठी. पण पोटात दुखलं तर ते कोंकणीतच दुखतं. म्हणून पत्रक मराठीत छापलं तर ते वाचलं जातं, पण त्यातला ‘व्रण’ हा शब्द कुणी स्वतःच्या तोंडातल्या फोडाशी जोडत नाही.

तंबाखूचं चित्रही फसवं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, गोव्यात ९.७ टक्के. त्या आकड्यावर विसंबून गोव्यात हा प्रश्न नाही असं मानणारे अधिकारी भेटतात. सरासरी खरी आहे, पण ती या वाड्यांची नाही. इथे चाळिशीपुढच्या बऱ्याच बायका मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, तर्जनीवर घेऊन दात-हिरड्यांवर घासायची आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाच्या आतल्या खोबणीत ठेवून द्यायची. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, डोंगरावरून आल्यावर एकदा. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात.

इतर राज्यांत घरोघर फिरणारी आशा सेविका असते. गोव्यात ती फळी नाही. इथे वाड्यावर पोचणारी माणसं म्हणजे उपकेंद्राची नर्सबाई, एक पुरुष आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडीची बाई. तपासणीसाठी वाळपई जवळ आहे, पण तुकडा काढून तपासायचा झाला तर बांबोळी गाठावी लागते. गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय दोन्ही तिथेच आहेत. अंतर पन्नासेक किलोमीटर. पण वाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, मग पणजीची बस, मग कदंब स्थानकावरून बांबोळीची बस, असं धरलं तर जाऊन येऊन अख्खा दिवस.

काय घडलं

गणेश चवथीनंतर दोनेक आठवड्यांनी पंचायतीच्या सभागृहात जागृतीचा कार्यक्रम झाला. स्थानिक बचत गटांनी मिळून घडवून आणलेला. साठेक बायका आल्या. मोठा फलक, भाषण, चहा-भजी, शेवटी शंका विचारायला दहा मिनिटं. शंका कुणीच विचारली नाही. अहवालात ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं लिहिलं गेलं.

पहिल्या रांगेत पन्नाशी ओलांडलेली एक बाई बसली होती. गटाची जुनी सदस्य, सगळ्या सभांना वेळेवर येणारी. तिच्या खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, मशेरी ठेवायच्या जागी त्या दिवशीही एक पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला छोटी जखम.

ती सापडली माघात, म्हणजे जवळपास पाच महिन्यांनी, आणि तीही योगायोगाने. शाळेत मुलांचे दात तपासायला दंतवैद्य आले होते. ती नातवाला घेऊन आली. बोलताना ओठ एका बाजूने जपून हलवत होती, ते दंतवैद्यांच्या नजरेत आलं. त्यांनी खुर्चीत बसवून ओठ खाली ओढला. जखम दोन सेंटिमीटरच्या किंचित आत, कडा टणक, बोटाला कठीण लागणारी. मानेत गाठ लागली नाही.

मधल्या काळात तिने काहीच केलं नव्हतं असं नाही. आधी ‘उष्णता वाढली’ म्हणून सोलांचं पाणी आणि जिरं. मग तोंडाला लावायचं मलम. मग दोनदा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. त्या देणाऱ्याने तोंडात बॅटरी मारून पाहिलं नव्हतं. मशेरी मात्र चालू होती, कारण ती लावली की तो भाग जरा बधिर व्हायचा.

अडचण नेमकी कुठे होती

गटातल्या दोघींनी तिला नंतर सरळ विचारलं, तू तर समोरच बसली होतीस, मग? तिचं उत्तर या प्रकरणाचा गाभा आहे: ‘चित्रांतलो फोड केदो, म्हजो कितलोसो?’ चित्रातला फोड केवढा, माझा केवढासा. फलकावर गालाला आरपार भोक पडलेलं तोंड होतं. तिने स्वतःची जखम त्याच्याशी ताडून पाहिली आणि आपल्याला ते नाही अशी खात्री करून घेतली. भीती घालायला लावलेल्या चित्राने तिला धीर दिला.

पुढच्या दोन आठवड्यांत नर्सबाईने आणि अंगणवाडीच्या बाईने वीसेक बायकांशी त्यांच्या ओसरीवर बसून गप्पा मारल्या. फॉर्म नाही, वही नाही. चार गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू आल्या.

पहिली, दुखण्याची. ‘दुखना गो, मागीर कित्याक दाखोवप?’ दुखत नाही तर दाखवायचं कशाला. इथे आजार म्हणजे काम थांबवणारी गोष्ट. जी जखम बोंडू वेचू देते ती आजार नाहीच. आणि सुरुवातीचा तोंडाचा कर्करोग बहुतेकदा दुखत नाही, हीच तर त्याची खोड. कार्यक्रमातल्या भाषणात लक्षणांची यादी नऊची होती. ‘दुखत नसलं तरी’ हे तीन शब्द त्यात नव्हते.

दुसरी, हंगामाची. काजूच्या दिवसांत बोंडू खाऊन जीभ-घसा चरचरतो, बियांच्या टरफलातलं तेल ओठाला लागून सालपटं निघतात. मार्च-एप्रिलमध्ये अर्ध्या वाड्याचं तोंड आलेलं असतं. अशा ठिकाणी ‘तोंडात जखम दिसली की लगेच दाखवा’ असं सांगणं म्हणजे कुणीही पाळणार नाही असा नियम सांगणं.

तिसरी, शब्दाची. कॅन्सर हा शब्द बायका उच्चारतच नाहीत, ‘तें दुयेंस’, तो आजार, म्हणतात. ज्याचं नाव घेत नाहीत त्याची लक्षणं मोठ्याने मोजणाऱ्या पाहुण्याकडे त्या मान खाली घालून ऐकतात आणि घरी जातात.

चौथी सगळ्यात साधी. दाखवायचं तर कुणाला, कुठल्या दिवशी, किती वाजता? साठातल्या एकीलाही सांगता आलं नाही, कारण कार्यक्रमात ते सांगितलंच नव्हतं. ‘जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधा’ हे वाक्य पत्ता नसलेल्या पाकिटासारखं असतं.

पर्याय, आणि त्यांच्यावर झालेला वाद

पुढे काय करायचं यावर गटाची, नर्सबाईची आणि पंच बाईंची बैठक झाली. तीन पर्याय समोर होते.

एक, मोठं शिबीर. डॉक्टर आणायचे, एकाच दिवशी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तिन्हींची तपासणी. पंच बाईंचा कल इकडे होता, आणि त्यात गैर काही नाही. शिबीर दिसतं, त्याचा फोटो निघतो, निधी मिळतो. विरोध नर्सबाईने केला. शिबिरात संशयित निघाली की तिच्या हातात चिठ्ठी पडते आणि डॉक्टर गाडीत बसून जातात. चिठ्ठी पुढे बांबोळीला पोचते की तांदळाच्या डब्यात, हे कुणी बघत नाही. शिवाय सभागृहाला आडोशाची खोली एकच, तीही खुर्च्यांनी भरलेली. तिथे गर्भाशयमुखाची तपासणी कशी करणार?

दोन, नाटक. सत्तरीत नाटकाला गर्दी हमखास. पण नाटकाने नुसतं ऐकवलं जाईल, तोंड कोण बघणार? हा पर्याय जत्रेपर्यंत पुढे ढकलला गेला.

तीन, घरोघर जाऊन तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांचं तोंड बघायचं, आणि संशय आला तर सोबत जायचं. हळू, कंटाळवाणं, फोटो न निघणारं काम. याच्या बाजूने एक भक्कम पुरावा होता. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. न घेणाऱ्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. म्हणजे बघणारा डॉक्टरच हवा असं नाही, आणि सगळ्यांचंच तोंड बघत बसायलाही नको.

तिसरा पर्याय ठरला. पण स्तन आणि गर्भाशयमुखाचं काय? इथे बैठक अडली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस वर्षांपुढच्या बायकांची या तिन्हींसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. पण ती तपासणी लक्षणं *नसलेल्या* बाईसाठी आहे. लक्षण असलेल्या बाईला त्या रांगेत उभं करणं हा घोटाळा सगळीकडे होतो. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं तर गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून पाहायच्या चाचणीची वाट बघायची नसते. त्या वयात कर्करोगाचे बदल होणारा भाग आत सरकलेला असतो आणि ती चाचणी फसवते. अशा बाईला थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. तेव्हा ठरलं असं: बघायचं फक्त तोंड; छाती आणि अंगावरून जाण्याबद्दल मोजकी लक्षणं बायकांनी बायकांना सांगायची, तपासणीसाठी नेहमीच्या सरकारी दिवशी केंद्रावर पाठवायचं.

काय केलं

*निरोप बदलला.* नऊ लक्षणांची यादी काढून टाकली. पंधरा दिवसांत न भरलेली जखम दाखवायची, हा नियम कसा सांगायचा यावर अंगणवाडीच्या बाईने तोडगा काढला. ती म्हणाली, तारखा कुणी मोजत नाही, एकादशी सगळ्या मोजतात. महिन्याला दोन एकादशी, मध्ये साधारण पंधरा दिवस. ‘एका एकादशीला तोंडात जखम किंवा चट्टा दिसला, दुखो वा न दुखो, आणि पुढच्या एकादशीला तो तिथेच असेल, तर बुधवारी नर्सबाईला दाखवायचा.’ एका वाड्यावर चार घरं मुसलमानांची आहेत, तिथे एका शुक्रवारपासून पुढचे दोन शुक्रवार मोजायचे ठरले. काजूमुळे आलेलं तोंड एवढ्या दिवसांत बरं होतं, राहतं ते बघण्यासारखं. हंगामाची अडचण नियमानेच सोडवली.

*चित्र बदललं.* कार्डावर एक रुपयाचं नाणं खऱ्या आकारात छापलं आणि शेजारी करंगळीच्या नखाएवढा पांढरा चट्टा, लाल चट्टा आणि एक छोटी जखम. रक्त नाही, भोक नाही. खाली मराठीत दोन ओळी. बोलताना त्याच दोन ओळी कोंकणीत.

*तोंड बघायची पद्धत.* नर्सबाई, आरोग्य कर्मचारी आणि गटातल्या चौघी, अशा सहा जणांना दंतवैद्यांनी दोन दुपारी शिकवलं. सामान थोडंच: डोक्याला बांधायची बॅटरी, लाकडी चपट्या काड्या, हातमोजे, गॉझ, कचऱ्यासाठी झाकणाची पिशवी. क्रम ठरलेला, कारण क्रम चुकला की खोबणी राहून जाते.

आधी दोनदा चूळ भरायला लावायची; मशेरीचा काळा थर राहिला तर त्याखालचं काही दिसत नाही. कवळी असेल तर काढायला सांगायची. मग खालचा ओठ ओढून खोबणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वरचा. दोन्ही गाल आतून, अगदी मागच्या दाढेपर्यंत. जीभ बाहेर, गॉझने धरून डावी कड, उजवी कड. जीभ वर टाळूला लावून खालचा भाग. शेवटी टाळू. मग तिचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते पाहायचं; जात नसतील तर सुपारीने गालाची आतली त्वचा आखडल्याचा संशय. शेवटी जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी हात. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

पहिल्या आठवड्यात चुका झाल्या, त्या नोंदवण्यासारख्या आहेत. दातांच्या रेषेत गालावर जी पांढरट आडवी रेघ बहुतेकांना असते तिला चट्टा समजून तिघींना घाबरवलं गेलं. एका आजीच्या तोंडातला पांढरा थर गॉझने पुसला गेला. तो बुरशीचा होता. खरा चट्टा पुसला जात नाही, हे शिकवलं होतं पण करून दाखवलं नव्हतं. आणि कवळी. ती काढायला बायका सगळ्यांसमोर तयार होत नाहीत. दोघींची कवळी न काढताच ‘ठीक आहे’ लिहिलं गेलं. लक्षात आल्यावर पुन्हा जावं लागलं. त्यानंतर ओसरीऐवजी आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून बसवायला सुरुवात झाली.

*मशेरीबद्दल काय बोलायचं नाही* हेही ठरवावं लागलं. पहिल्या भेटीत ‘सोड’ म्हटलं की बाई ‘आपण लावतच नाही’ म्हणते आणि तोंड मिटते. म्हणून विचारायचं फक्त ‘दिवसाला किती वेळा आणि कुठे ठेवता’. जागा कळली की बघायची जागाही कळते.

*मांडाचा प्रसंग.* पौषात धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, होतो. सगळ्या वाड्याच्या बायका रात्री मांडावर, म्हणजे धालोसाठीच्या पवित्र अंगणात, एकत्र येतात, पुरुष नसतात. पुढच्या वर्षी तिथे दहा मिनिटं बोलू द्यावं असा एका कार्यकर्तीचा प्रस्ताव होता. जाणत्या बायकांनी सरळ नाही म्हटलं: मांडावर दुखण्याचं नाव काढायचं नसतं. मागे पुरुषांच्या भजनी मंडळाने हो म्हटलं होतं म्हणून इथेही चालेल असं कार्यकर्तीने गृहीत धरलं होतं. तो विषय तिथेच सोडला आणि फुगडीच्या तालमीआधीची पंधरा मिनिटं मागितली. ती मिळाली.

*दार तयार केलं, मग हाक मारली.* घरोघर फिरायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या झाल्या. बुधवारी दहा ते बारा नर्सबाई उपकेंद्रात असणार. रजेवर असेल तर बदली कोण, हे दारावर लिहिलेलं. बांबोळीला जायचा दिवस शुक्रवार; दोघी-तिघींना एकत्र घेऊन गटातली एक सोबत. बसभाडं, चहा-भाकरी आणि बुडालेल्या मजुरीपोटी थोडं, असे माणशी ३०० रुपये गटाच्या निधीतून, परत न मागण्याच्या अटीवर. आधी ते उसने द्यायचं ठरत होतं. एकीने विचारलं, काही निघालं नाही तरी फेडायचे? तिथे तो मुद्दा संपला.

चिठ्ठीवर काय लिहायचं यावर चांगलीच चकमक झाली. ‘कॅन्सर संशयित’ लिहिलं तर घरी सून वाचते, शेजारी वाचतात. लिहिलं नाही तर लपवाछपवी. शेवटी चिठ्ठीवर ‘तोंडातील जखम, दोन आठवड्यांहून जुनी’, तोंडाच्या आकृतीवर जागेची खूण, आणि पहिल्यांदा दिसल्याची तारीख. बाईला मात्र तोंडी, स्पष्ट: ‘बहुतेक वेळा हा कॅन्सर नसतो, पण असला तर आत्ता कळणं चांगलं.’

कौलाचा निर्णय

पहिल्या रांगेतल्या त्या बाईचं प्रकरण या सगळ्याच्या मधोमध चालू होतं. दंतवैद्यांनी तुकडा तपासायला सांगितलं आणि घरात दोन आडकाठ्या आल्या. दिराचं म्हणणं, सुई लागली की तो रोग पसरतो. नवऱ्याचं म्हणणं, आधी देवाला कौल लावू.

पहिली आडकाठी डॉक्टरच्या समजावण्याने हलली नाही. शेजारच्या वाड्यावरच्या एका बाईने हलवली. तिच्या गालातून चार वर्षांपूर्वी तुकडा काढला होता, काही निघालं नव्हतं. ती येऊन बसली, गाल ओढून दाखवला आणि म्हणाली, जागा बधिर करतात, भाताच्या शितापेक्षा जरा मोठा तुकडा घेतात, दोन दिवस तिखट खायचं नाही, बस.

कौलाच्या बाबतीत गटात दोन तट पडले. एक म्हणे, पाच महिने आधीच गेले, आता एक दिवसही देऊ नका. दुसरा म्हणे, देवाला डावलून नेलंत तर ऑपरेशनच्या वेळी नवरा सही करणार नाही. नर्सबाई दुसऱ्या बाजूची होती. मधला मार्ग निघाला: कौल जरूर लावा, पण याच सोमवारी, आणि प्रश्न ‘जाऊ की नको’ असा नाही, ‘या शुक्रवारी जाऊ की पुढच्या’ असा. सोमवारी देवाला लावलेली कळी डावीकडून पडली, म्हणजे पुढचा शुक्रवार. एक आठवडा गेला. पुढच्या शुक्रवारी घर एकमताने बांबोळीला गेलं, नवराही सोबत होता.

या निर्णयाकडे मागे वळून बघताना मत एक नाही. जखमेच्या त्या आकारात एका आठवड्याने उपचार बदलले असते असं म्हणता येत नाही. पण मानेत गाठ असती, किंवा घरच्यांनी प्रश्न तसा विचारायला नकार दिला असता, तर हाच मार्ग महागात पडला असता. तेव्हा हा नियम म्हणून पुढे नेऊ नये. त्या घरापुरता तो बरोबर ठरला.

निकाल

बाईचा तुकडा कर्करोगाचा निघाला. लवकरच्या अवस्थेतला. अहवाल आणायची दुसरी फेरी ही सगळ्यात जास्त गळती होणारी जागा, म्हणून सोबतीणीचं खरं काम पहिल्या फेरीला नव्हे, दुसऱ्या फेरीला होतं. शस्त्रक्रिया झाली, मानेतल्या ग्रंथीही काढल्या, त्यात रोग नव्हता. किरणोपचार लागले नाहीत. काही आठवडे पेज आणि पातळ आमटीवर काढले. त्या वर्षीचा काजू तिच्या सुनेने एकटीने वेचला, आणि घरात त्याची कुरकुर अजून आहे.

हंगाम संपेपर्यंत १४२ जणांची तोंडं पाहून झाली. १३ जणांना पुढे पाठवलं, ११ गेले, तुकडा तपासायला सांगितलेल्या सात जणांपैकी सहा जणांनी अहवाल आणला. कर्करोग त्या एकीलाच. तिघांना पांढरे चट्टे, ज्यांच्यावर दर काही महिन्यांनी नजर ठेवावी लागते; दोघांचं तोंड सुपारीने आखडलेलं. बाकीच्या बऱ्याच जखमा तुटक्या दाढेच्या धारेने झालेल्या. दाढ घासून घेतली आणि त्या भरल्या. एवढ्या छोट्या संख्येवरून मृत्यू कमी झाले का वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

न ठरवलेलं एक फळ मिळालं. चाळिशीतली एक बाई बुधवारी आपणहून आली. तोंड दाखवायला नाही. स्तनाचं टोक आत ओढलं गेलं होतं. ‘हेंय दुखना,’ ती म्हणाली, हेही दुखत नाही. वाक्य तोंडापुरतं सांगितलं होतं, तिने ते छातीला लावलं.

पण वाक्य उलटंही लागू झालं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या एकीला रक्त गेलं आणि तिने दोन एकादशी मोजल्या. नियम असाच सांगितलाय ना! तिला गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा साधा कोंब निघाला, नशीब. कार्ड लगेच बदललं. एकादशीचा नियम फक्त तोंडाच्या चित्राखाली. छातीतली गाठ आणि पाळी गेल्यानंतरचं रक्त यांच्यासमोर मोठ्या अक्षरात ‘थांबू नका, याच बुधवारी’.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला कार्यक्रम घेण्याआधी वीस बायकांशी गप्पा मारायला हव्या होत्या, नंतर नव्हे. त्या गप्पांना वीस चहांपलीकडे खर्च आला नसता.

मशेरी सोडण्याबद्दल पहिल्या भेटीत न बोलणं बरोबर होतं. दुसऱ्या भेटीतही न बोलणं चूक होती. पांढरे चट्टे निघालेल्या तिघांना सोडायला मदत सुरू झाली चार महिन्यांनी. त्यातली एक लेकीकडे डिचोलीला राहायला गेली आणि तिची पुढची तपासणी कुणाच्या वहीत नाही. वही वाड्याची होती, माणसाची नव्हती. चट्टा असलेल्याच्या हातात स्वतःचं कार्ड हवं होतं, पुढची तारीख लिहिलेलं.

पैशांची माहितीही उशिरा दिली गेली. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत, गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांना तिघांपर्यंत अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. अनेक घरांत कार्ड होतं पण नूतनीकरण झालेलं नव्हतं. घरोघर फिरतानाच कार्ड बघून घेतलं असतं तर शस्त्रक्रियेच्या आठवड्यात धावपळ झाली नसती.

सगळ्यात मोठी चूक पुरुषांची. १४२ मध्ये पुरुष फक्त १९. कारण सगळी आखणी ओसरी, फुगडी आणि बचत गट यांच्याभोवती झाली, आणि तंबाखू-चुना चघळत भाटीवर रात्र काढणारा माणूस सकाळी अकराला ओसरीवर नसतो. दारू आणि तंबाखू दोन्ही घेणाऱ्याचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्यांचं तोंड आधी बघायला हवं होतं तेच राहिले. मे महिन्याच्या शेवटी सत्तेचाळीस वर्षांचा एक भाटीवाला मानेत लिंबाएवढी गाठ घेऊन आला. त्याच्या घरात बायकोचं तोंड फेब्रुवारीत पाहून झालं होतं. ती म्हणाली, कार्ड मी त्याला दाखवलं होतं, तो म्हणाला हे बायलांचें, बायकांचं.

पुढच्या हंगामासाठी आरोग्य कर्मचाऱ्याने तीन भाट्यांच्या मालकांशी बोलून ठेवलं आहे. संध्याकाळी सात ते नऊ, कोळंबीवरचं काम आटोपल्यावर, डोक्याला बॅटरी बांधून. कार्डावरच्या चित्रात आता एक मिशीवालाही आहे.